दौंड जंक्शन, एकास सत्त्याऐंशी

"काका, तुमचं दुकान म्हंजी आमचं बालपण हुतं," असं शिरूरच्या एसटी स्टँडवर एका गृहस्थानं मला परवा सांगितलं आणि माझं डोकंच सटकलं.

खरं तर आनंद व्हायला हवा होता. माणूस चांगला दिसत होता. पस्तिशीच्या आसपासचा, गळ्यात रांजणगावच्या कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र, हातात जेवणाचा डबा. मी एका लग्नाहून पुण्याला घरी परतत होतो, पोटात बुंदी आणि मठ्ठा नीट बसले होते, बस यायला वेळ होता. पण त्याआधी मी बाजारपेठेतून एक चक्कर मारून आलो होतो आणि तिथंच घोटाळा झाला. माझ्या जुन्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं लटकतात. दाराच्या चौकटीपासून छतापर्यंत, वडाला वटवाघळं लटकावीत तशी. आत एक पोरगा मान खाली घालून बसला होता. त्यानं मला विचारलं, "कुठलं मॉडेल हाय?"

माझ्या दुकानात उभं राहून मलाच विचारतो, कुठलं मॉडेल हाय!

ते डोक्यात घेऊन मी स्टँडवर आलो होतो आणि वर हे बालपण.

"असं का?" मी म्हणालो. "मग त्या बालपणात काय काय घेतलंस माझ्या दुकानातून?"

तो गडबडला. "घेतलं न्हाई काई. बघायचो."

"बघायचास! काचेला नाक लावून बघायचास ना? ती काच कोण पुसायचं? मी पुसायचो! सगळ्या तालुक्यानं नुसतं बघून बघून माझं दुकान बंद पाडलं, आन् आता बालपण म्हणे!"

बाकावरची माणसं आमच्याकडे बघायला लागली. बघण्यात आमचं गाव पहिल्यापासून पुढं. तेवढ्यात त्याची बस लागली. तो सुटका झाल्यासारखा चढला, खिडकीशी बसला आणि बस हलता हलता डोकं बाहेर काढून त्यानं मला एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नावर मी येणारच आहे. पण आधी मला नीट रागावू द्या. बरीच वर्षं साठलंय.

*

माझा गाळा होता कीटकनाशकांचं दुकान आणि भांड्यांचं दुकान यांच्या मधोमध. डावीकडून औषधांचा उग्र वास यायचा, नाकाच्या शेंड्याला झोंबणारा. उजवीकडून तांब्या-पातेल्यांवर नावं घालणाऱ्या मशीनची किर्रर्र. लग्नसराईत ते मशीन दिवसभर थांबायचं नाही. कुणाच्या तरी मामाकडून कुणाच्या तरी भाचीला ताट कोरलं जायचं आणि भिंतीपलीकडे माझ्या चिमट्यात धरलेला विमानाचा पंख थरथरायचा. मी ओरडायचो, "जरा थांबा हो!" पलीकडून उत्तर यायचं, "नवरी थांबंल का?"

पण माझ्या गाळ्याचा स्वतःचा वास होता. थिनरचा, पॉलिश पेपरचा, बाल्साच्या भुश्शाचा. बाल्सा म्हणजे एक परदेशी लाकूड, भाकरीच्या पापुद्र्याइतकं हलकं. कापलं की धूळ उडून पापण्यांवर बसते. मुंबईहून पार्सल आलं की मी दुकानाचं दार अर्धं ओढून घ्यायचो आणि एकटाच खोका उघडायचो. आत प्लास्टिकच्या डहाळ्या असायच्या आणि बोरं लागावीत तसे त्यांना विमानाचे सुटे भाग लागलेले: चाकं, पंखे, बोटाच्या पेराएवढा वैमानिक. त्या नव्याकोऱ्या प्लास्टिकचा पहिला वास मी छातीभर घ्यायचो. कंपनीतली शिफ्टची नोकरी सोडून मी हे दुकान का काढलं, असं मला विचारू नका. बायकोनं विचारून झालंय. त्या वासासाठी काढलं, हे उत्तर तिला तेव्हाही पटलं नव्हतं.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी पाटी रंगवून घेतली, 'मयूर हॉबी सेंटर'. पहिल्याच आठवड्यात एक बाई पोराला दंडाला धरून घेऊन आल्या. "हितं हॉबी शिकवत्यात ना? सुट्टीत लावायची हाय ह्याला." नंतर लोक येत गेले. कुणी टेनिसचा बॉल मागितला, कुणी राख्या, कुणी शाळेच्या ज्वालामुखीसाठी थर्माकोल. माझं पोट त्या ज्वालामुखींवर चाललं. जिल्ह्यातल्या विज्ञान प्रदर्शनांत जेवढे म्हणून डोंगर धुमसले, त्यांतले निम्मे माझ्या हातचे असतील. आणि जो कुणी चुकून विमान हातात घ्यायचा, तो एकच विचारायचा.

"चालतं का हे?"

"नाही. हे बनवायचं असतं."

"बनिवल्यावर चालतं का?"

"नाही."

"मग काय करायचं?"

"ठेवायचं. बघायचं."

तो विमान खाली ठेवायचा आणि बघायचा. फुकट.

मीही काही कमी नव्हतो. पहिल्याच वर्षी माझ्या डोक्यात आलं की आपल्याकडे तर दर दिवाळीला घराघरापुढं किल्ला होतो. म्हणजे हे सगळे छंदवालेच की! फक्त त्यांना प्रमाण शिकवलं पाहिजे. बुरुजापेक्षा मावळा उंच, मावळ्यापेक्षा कोंबडा उंच, आणि वाघ तर गडाच्या दारात मावत नाही, हा अन्याय मला सहन होईना. मी गडाच्या मापाचे सैनिक मागवले, नखाएवढे. रात्रंदिवस खपून त्यांच्या पगड्या लाल केल्या. एका बाईंनी ते तळहातावर घेतले आणि त्या किंचाळल्याच, "अगं बया, मुंग्या!" तरी भिडेखातर काहींनी नेले. चौथ्या दिवशी किल्ल्यांवर पेरलेलं हळीव तरारून उगवलं आणि माझी अख्खी फौज त्या जंगलात नाहीशी झाली. राहिलेले कोंबड्यांनी वेचले. पलीकडच्या गल्लीत मातीचा कोंबडा मात्र पाडव्यापर्यंत गडाच्या माथ्यावर ताठ उभा होता.

*

ह्या सगळ्या उद्योगात मला साथ देणारा माणूस एकच, माझे दाजी. थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहायला दौंडला, रुळांच्या पलीकडे. नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. गळीत संपलं, उसाच्या गाड्या थांबल्या की दाजी मोकळे. मग ते पाटस, वरवंड, चौफुला, न्हावरं करत एसटीनं शिरूरला यायचे. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी तान्ह्या पोरासारखं धरलेलं असायचं. दाजी बोलायचे कमी. शिवाय दाजी म्हटल्यावर त्यांच्यावर ओरडताही येत नाही. ही आमच्याकडची मोठी गैरसोय आहे. मी त्यांच्यावर जेवढा चिडलो, तेवढा सगळा 'अहो' लावून चिडलो.

आम्ही दोघांनी मिळून दौंड जंक्शन बनवलं. अख्खं नव्हे, पूर्वेच्या टोकाचा तुकडा. एक फलाट, पाण्याचा उंच नळ, कोळशाचा ढीग, सिग्नल, काळं इंजिन आणि एक केबिन. माप एकास सत्त्याऐंशी, म्हणजे खरी वस्तू सत्त्याऐंशीपटींनी लहान केली की उरेल तेवढी. आमच्या घराचं जुनं दार आडवं टाकून त्यावर. बाजारात मिळणारे परदेशी रूळ आपल्या रुळांपेक्षा अरुंद. ते बघून मी एवढा संतापलो की पुढचा सगळा पावसाळा आम्ही पत्र्याच्या पट्ट्या घासून स्वतःचे रूळ केले. घोडनदीची वाळू अक्काच्या मैद्याच्या चाळणीनं चाळली आणि खडी म्हणून पसरली. अक्कानं ती चाळणी पुन्हा स्वयंपाकघरात घेतली नाही. इंजिनासाठी कोळसा खराच होता, दाजींनी रुळांकडेनं वेचून आणलेला. चिमटीत चुरला की त्याला अजून धुराचा वास यायचा. मी लिंबाचं एक झाड केलं, त्याच्या खोडाला माझं बोट चिकटलं, आणि सबंध दुपार मी दौंड जंक्शनवर एक बोट ठेवून बसून राहिलो. दाजी अधूनमधून माझ्या तोंडाला चहा लावत होते. गिऱ्हाईक आलं. त्यानं विचारलं, "चालतं का?"

केबिन मात्र दाजींनी एकट्यानं केली.

त्यांचे वडील, आमचे आबा, मूळचे मेंढरांमागचे. मेंढरं सुटली आणि ते रेल्वेत केबिनीवर चिकटले. रुळांचे सांधे बदलायचे, सिग्नल द्यायचे. सरकारनं बसायला खुर्ची दिली, पण माळावर दगडावर बसायची सवय. आबा त्या खुर्चीवर पाय वर घेऊन उकिडवे बसायचे, आणि चहा बशीत ओतून प्यायचे. मेल धडधडत गेली की सगळी केबिन हलायची, काचा वाजायच्या, पण आबांच्या बशीतला चहा सांडायचा नाही. हे दाजी मला इतक्यांदा सांगत की माझ्याही आठवणीत तो चहा डुचमळून थांबतो. वाफेची इंजिनं गेली त्याच सुमारास आबाही गेले. मागे फोटो एकच, नोकरीच्या कार्डावरचा, आणि त्याच्यावर साहेबाचा शिक्का बरोबर तोंडावर बसलेला. अक्का म्हणायची, "सासऱ्यांच्या फोटूला हार घालायचा म्हंजी शिक्क्याला घालायचा."

तर दाजींनी केबिनीत आबा बसवले. नखाएवढे, खुर्चीवर उकिडवे. बशी केली मोहरीचा दाणा चेचून. आणि तिच्यात ब्रशच्या एका केसानं चहाचा थेंब.

"दाजी, अहो, पण हे वरनं दिसतच नाही," मी म्हणालो. खरंच दिसायचं नाही. छपराखाली, आत, अंधारात. डोळे फलाटाच्या पातळीला आणून पूर्वेच्या खिडकीतून बघितलं तरच आबा दिसायचे.

"आबा तवा तरी कुणाला दिसत हुते?" दाजी म्हणाले. "केबिनीतला माणूस दिसत नस्तोच. गाडी नीट गेली म्हंजी त्यो हाय."

असं म्हणाले खरे. पण दौंड जंक्शन दर्शनी काचेमागं मांडलं आणि दाजी समोर स्टूल टाकून बसले. कुणी वाकतंय का बघत. एवढीच त्यांची इच्छा होती, कुणीतरी वाकावं आणि आबांना बघावं. स्वतःहून सांगायचं नाही, बोट दाखवायचं नाही. ज्याला दिसेल त्याला दिसेल. लोक यायचे, उभ्या उभ्या नजर टाकायचे, "भारी हाय" म्हणायचे आणि जायचे. कुणी वाकलं नाही. हंगाम सुरू झाला की दाजी दौंडला जायचे आणि जाताना मला विचारायचे, "कुणी बघितलं तर कळवा."

कळवण्यासारखं काही नव्हतं. माझ्याकडे फक्त चिडण्यासारखं होतं. कुणाचं तरी कार्टं रोज शाळा सुटल्यावर काचेला नाक लावून जायचं. पूर्वेच्या बाजूला, खाली, रोज त्याच जागी नाकाचा एक तेलकट गोल. मी रोज सकाळी फडकं घेऊन तो पुसायचो आणि त्याच्या घराण्याचा उद्धार करायचो.

*

आमच्या आळीच्या गणपती मंडळाचा अध्यक्ष होता बबन. आवाज एवढा मोठा की त्याच्यासाठी लाऊडस्पीकर लावणं म्हणजे अपव्यय. एका श्रावणात तो दुकानात येऊन म्हणाला, "दादा, यंदाचा देखावा तुमचं दौंड."

मला वाटलं, आलं नशीब! हजारो लोक बघतील, पाटी वाचतील, छंद लागेल गावाला. फक्त माझी अट होती.

"मूर्ती प्रमाणात पाहिजे," मी म्हणालो. "स्टेशन एकास सत्त्याऐंशी, तर बाप्पाही त्याच मापाचे. हरभऱ्याएवढे होतील."

बबन माझ्याकडे बघत राहिला. "हरभऱ्याएवढा गणपती बसवू? लोकं जोडं हाणतील, दादा. बाप्पाला कसलं आलंय स्केल?"

बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं, मोठी मूर्ती नेहमीसारखी मागं, पुढं आमचं स्टेशन. आणि माझ्या हट्टापायी एक हरभऱ्याएवढी मूर्ती मालगाडीच्या उघड्या डब्यात, रेल्वेनं बाप्पा येतायत अशी. मी दाजींना निरोप धाडला. दाजी आले, सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ केबिनीकडे बघितलं.

"गर्दी व्हईल न्हवं?" त्यांनी विचारलं.

"अहो, मरणाची होईल!"

"मग कुणीतरी वाकंल," दाजी म्हणाले, आणि हो म्हणाले.

छोटे बाप्पा मीच केले. कुणी खिशात घालून नेऊ नयेत म्हणून मूर्ती डब्याला, डबा रुळाला आणि रूळ दाराला असा पक्का चिकटवला. दोन नळ्यांचा डिंक असतो ना, एकत्र कालवायचा, तो. एकदा धरला की करवतच लागते. माझ्या आयुष्यात मी पक्कं म्हणून केलेलं काम तेवढं एकच.

प्रतिष्ठापनेला गुरुजी आले. मोठ्या मूर्तीची पूजा झाली, मग त्यांची नजर डब्याकडे गेली. "हीसुद्धा मूर्ती का?"

"हो!" मी छाती काढून म्हणालो. "प्रमाणात आहे."

गुरुजी खूश झाले. त्यांनी मंत्र म्हणत तिच्यावरही अक्षता टाकल्या. एकाच तांदळानं बाप्पा झाकले गेले.

पुढचे दिवस मी कसे काढले, मलाच माहीत. पहिल्या दिवशी माझ्या फलाटावर प्लास्टिकचं हरीण आलं. दुसऱ्या दिवशी हरणाला जोडीदार. मग कुणाच्या तरी घरची बाहुली, स्टेशनमास्तरच्या खोलीहून उंच. छपरावर माळांचे लुकलुकते दिवे. "चालतं का?" असं लोक विचारू लागले, तेव्हा एक कार्यकर्ता टेबलाखाली बसून दोऱ्यानं इंजिन ओढू लागला, आणि ज्या इंजिनाचे दट्टे घासण्यात आमचा एक उन्हाळा गेला, ते खेळण्यातल्या बदकासारखं डुलत जायला लागलं. मी बबनला म्हणालो, "अरे, ते हरीण तरी काढ! ते हत्तीएवढं दिसतंय!" तो म्हणाला, "दादा, पोरास्नी आवडतंय." आणि आवडतच होतं. तेच तर! रांगा लागत होत्या. आम्हाला गावात पहिला नंबर मिळाला, ढाल मिळाली. बायका स्टेशनवर फुलं वाहत होत्या. सगळ्यांना सगळं आवडत होतं, फक्त दोरी बांधली होती टेबलापासून चार हात लांब, तेव्हा वाकून बघायची सोयच नव्हती. दाजी मंडपाच्या खांबाला टेकून रोज उभे राहायचे. गर्दी खरंच मरणाची होती. वाकलं कुणी नाही.

*

विसर्जनाच्या दिवशी मी नाचलो.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण न सांगताही सगळ्या गावाला माहीत आहे. मी समजत होतो, मिरवणुकीत मूर्ती जाईल, स्टेशन मंडपात राहील, सकाळी टेम्पो आणून घेऊन जाऊ. पीडा टळली म्हणून मी ताशापुढं बेभान नाचलो. गुलालानं माझं तोंड दिसत नव्हतं. मागं ट्रॉलीत मोठे बाप्पा होते आणि त्यांच्या पायाशी झेंडूच्या माळांखाली काहीतरी आडवं झाकलेलं होतं. मला वाटलं, फुलं. मी माझ्याच दुकानाच्या मयतीपुढं नाचत घोडनदीवर आलो.

घाटावर आरती झाली. ऊन उतरलेलं, पाण्यावर गुलालाची साय, कापराचा वास. मोठी मूर्ती पाण्यात गेली. मग चार पोरांनी माळा बाजूला केल्या आणि माझ्या घराचं दार उचललं. फलाटावर कापूर जळत होता. पाण्याच्या नळाला हार होता. मी ओरडलो, पण ताशापुढं ओरडणारा माणूस म्हणजे भक्त. मी पोरांना ढकलत पुढं घुसलो तर बबननं मला मिठी मारली. त्याचे डोळे पाणावलेले होते.

"दादा, मनाला लावून घिऊ नका. पुढल्या वर्षी लवकर येत्यात ते."

"अरे, बाप्पा नव्हे, स्टेशन! माझं स्टेशन!"

"प्रतिष्ठापना झाल्याली मूर्ती हाय त्यात," बबन म्हणाला. "बारकी. उत्तरपूजा झाल्यावर उचलाया गेलो तर हलंना. उपटून देवाचं तुकडं करायचं व्हय? म्हनून सगळंच मानानं आणलं."

सांगा आता. बाप्पा प्रमाणात पाहिजेत हे मी म्हणालो. मूर्ती आहे म्हणून छाती मी काढली. डिंक मी लावला. शिव्या द्यायला माझ्याकडे एक माणूस शिल्लक नव्हता, आणि देवाला दिल्या तर आई जिवंत होती.

दाजी अक्काला घेऊन घाटाच्या पायरीवर उभे होते. मी धावत गेलो. "दाजी, अहो, बघताय काय! तुम्ही सांगा त्यांना. आबा आहेत त्यात!"

दाजींनी हात जोडलेले होते. "बाप्पाचं झाल्यालं परत घ्याचं नस्तं, पाव्हणं," ते म्हणाले. "जाऊ द्या. आबा सोबतीला हायत."

लाकडाचं दार आणि खालून थर्माकोल. ते बुडलं नाही. पोरांनी पोहत पोहत मध्याला नेऊन सोडलं, तर ते तरंगत निघालं, फलाटावर कापूर, सिग्नल पडलेला, हरीण शाबूत. घोड पुढं भीमेला मिळते आणि भीमा दौंडावरून जाते. दौंड दौंडकडे निघालं होतं. मधे धरण आहे, हे मला कळतं. मला भूगोल शिकवू नका. त्या संध्याकाळी मी ते वळणावर दिसेनासं होईपर्यंत बघत उभा राहिलो. सगळा गाव नदीकडे पाठ करून प्रसादाच्या रांगेत लागला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा बघणारा मी एकटाच होतो.

दुसऱ्या दिवशी बबननं दुकानात येऊन मला शाल आणि नारळ दिला. जाता जाता म्हणाला, "दुसरं बनवा की. तुमचा तर धंदाच हाय."

ती शाल मी अजून ठेवली आहे. फडकं म्हणून. तिनंही काच नीट पुसली जात नाही.

दुकान पुढं काही वर्षं रखडलं आणि मग नव्हतंच. पण त्या काचेमागची रिकामी जागा मी कधी भरली नाही. सकाळी फडकं घेऊन बसायचो, आणि पुसायला काही नसायचं. नाकाचा तो गोल उमटायचा थांबला होता.

*

तर बस हलत होती. त्या गृहस्थानं खिडकीतून डोकं काढलं. माझ्या तोंडाचा पट्टा अजून चालूच होता. तो त्यावरून ओरडून म्हणाला,

"काका! त्या केबिनीत एक म्हातारं हुतं बघा. खुर्चीवर उकिडवं बसल्यालं, बशीनं च्या पिणारं. ते कुणी बनिवलं हुतं?"

आणि बस गेली.

मी पुण्याची गाडी सोडली. दौंडची धरली. न्हावरं, चौफुला, वरवंड, पाटस. सगळी वाट मी खिडकीच्या काचेकडे बघत होतो. आम्ही दोघं मोठी माणसं सबंध काळ वाकणाऱ्याची वाट बघत बसलो. ज्याला वाकायची गरजच नाही, ज्याचं नाक मुळातच फलाटाच्या उंचीला येतं, असं कुणी येईल हे आमच्या टाळक्यात शिरलं नाही. ते रोज येत होतं. पूर्वेच्या खिडकीसमोर, शाळा सुटल्यावर, दाजी स्टूल सोडून कारखान्याच्या काट्यावर असायचे त्या महिन्यांत. रोज आबांना भेटून जात होतं. आणि त्याची सही मी रोज सकाळी पुसून टाकत होतो.

दाजी ओट्यावर बसले होते. आता थकलेत, कानानं कमी ऐकतात. अक्कानं चहा दिला. मी धाप लागल्यासारखं सगळं सांगितलं. रुळांवरून एक मालगाडी जायला लागली. ओटा थरथरला, माझ्या हातातला कप बशीवर वाजला. ती लांबलचक गाडी पूर्ण जाऊ दिली दाजींनी.

"उकिडवं म्हणाला?"

"उकिडवं म्हणाला. आणि बशी म्हणाला."

"मग बघितलंय त्यानं," दाजी म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "मी लई दिस पुलावनं खाली बघत हुतो. भीमेत. येड्यागत."

अक्का पदर तोंडाला लावून आत गेली.

"कोण हुता त्यो?" दाजींनी विचारलं. "नाव काय?"

मी कप खाली ठेवला.

"पाव्हणं, नाव काय त्याचं?"

"विचारलं नाही," मी म्हणालो. "मी त्याच्यावर ओरडत होतो."

दाजींनी माझ्याकडे मान वळवून पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला एका शब्दानं दुखवलं नव्हतं. त्या नजरेत सगळी थकबाकी आली. माझ्या दुकानाचं एकुलतं एक खरं गिऱ्हाईक इतक्या वर्षांनी स्वतःहून चालत माझ्यापुढं आलं होतं, आणि मी त्याला काचेचा हिशोब विचारून हाकललं होतं.

"भेटला तर एक इचारा त्याला," दाजी शेवटी म्हणाले. "बशीतला च्या सांडला तर नव्हता ना."

म्हणून आता मी शिरूरच्या स्टँडवर जाऊन बसतो, शिफ्टची माणसं सुटतात त्या वेळेला. गळ्यात ओळखपत्र असलेला प्रत्येक माणूस निरखतो. लोक माझ्याकडे बघतात. बघू देत, त्यांना दुसरं येतं काय. तो भेटला की मी ओरडणार नाही. निदान आधी चहाचं विचारीन. मग ओरडीन.